सिझेरियनचे उद्दिष्ट ठरवण्याआधी रात्रीचा भूलतज्ज्ञ नेमा

प्रश्न : आमचे धर्मादाय न्यासाचे प्रसूतिगृह तालुक्याच्या गावी आहे. तीन स्त्रीरोगतज्ज्ञ आळीपाळीने काम पाहतात. भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ बोलावल्यावर येतात. गेल्या वर्षी आमच्याकडील निम्म्याहून थोडी कमी बाळंतपणे सिझेरियनने झाली. आम्हाला अनुदान देणाऱ्या एका संस्थेने हे प्रमाण वर्षभरात २५ टक्क्यांवर आणण्याची अट घातली आहे. प्रत्येक डॉक्टरचे प्रमाण दर्शनी फलकावर लावावे आणि दोन्ही प्रकारच्या प्रसूतीचे शुल्क एकच ठेवावे, असे काही विश्वस्तांचे मत आहे. डॉक्टर नाराज आहेत. ‘उद्या बाळाला काही झाले तर जबाबदारी विश्वस्त घेणार का,’ असे ते विचारतात. मी स्वतः वैद्यकीय क्षेत्रातला नाही. ही अट मान्य करावी का, आणि प्रमाण खरोखरच कमी करायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?
— कार्यवाह, एक धर्मादाय प्रसूतिगृह

उत्तर : सप्रेम नमस्कार.

ही अट आहे या स्वरूपात मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तुमचे प्रमाण आहे तसेच राहू द्यावे, असा याचा अर्थ नाही. डॉक्टरांची नाराजी आणि अनुदान देणाऱ्यांची काळजी या दोन्हींत तथ्य आहे, आणि दोघांनाही एकच आकडा समोर दिसत असल्यामुळे वाद अडला आहे.

आधी त्या आकड्याविषयी. १९८५ साली ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे जागतिक आरोग्य संघटनेने भरवलेल्या बैठकीत असे ठरले की, कोणत्याही प्रदेशात सिझेरियनचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांहून अधिक असण्याला समर्थन नाही. ते विधान संपूर्ण प्रदेशातील लोकसंख्येविषयी होते, पण पुढे प्रत्येक रुग्णालयाला हीच फूटपट्टी लावली जाऊ लागली. २०१५ मध्ये संघटनेने भूमिका अधिक स्पष्ट केली : लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांपुढे गेल्यावर माता आणि नवजात बालकांच्या मृत्यूंत त्यामुळे आणखी घट झालेली आढळत नाही, तथापि ठरावीक प्रमाण गाठण्याचा खटाटोप करण्यापेक्षा जिला गरज आहे त्या प्रत्येक स्त्रीला शस्त्रक्रिया मिळेल याची काळजी घ्यावी. जोखमीच्या बायका ज्या रुग्णालयाकडे आसपासच्या गावांतून पाठवल्या जातात, तेथील प्रमाण साध्या प्रसूतिगृहापेक्षा जास्त असणारच, आणि ते तसे असावे.

आपल्याकडे चिंतेला कारण नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातील सिझेरियनचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते, ते २०१९-२१ च्या फेरीत २१.५ टक्क्यांवर गेले. याच काळात महाराष्ट्र सुमारे २० वरून २५ टक्क्यांवर आणि गोवा ३१ वरून ३९ टक्क्यांपुढे गेला. त्याहून बोलका फरक सरकारी आणि खासगी रुग्णालयांतला आहे. २०१९-२१ मध्ये देशभरातील सरकारी रुग्णालयांत दर शंभरांपैकी सुमारे १४ बाळंतपणे सिझेरियनने झाली, तर खासगीत ४७. सरकारी दवाखान्यात जाणाऱ्या आणि खासगीत जाणाऱ्या बायकांची शरीरे इतकी वेगळी असू शकत नाहीत, त्यामुळे हा फरक बव्हंशी व्यवस्थेचा आहे. खासगीतला आकडा वाजवीपेक्षा मोठा आहे हे मला मान्य आहे. सरकारीतला काही ठिकाणी गरजेपेक्षा कमी असू शकतो, हेही विसरू नये.

तरीही उद्दिष्ट का नको, हे इंग्लंडच्या अनुभवावरून समजते. श्रूजबरी आणि टेलफर्ड येथील सरकारी रुग्णालयांच्या प्रसूती विभागात सिझेरियनचे प्रमाण तेथील राष्ट्रीय सरासरीपेक्षा वर्षानुवर्षे कमी होते आणि ते भूषण मानले जात असे. डॉना ऑकेंडन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य काळजी मिळाली असती तर २०१ बालके वाचली असती किंवा वाचू शकली असती, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि वेळेवर सिझेरियन करण्याबाबतची अनिच्छा हे त्यामागील कारणांपैकी एक होते. त्याच्या महिनाभर आधी तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने रुग्णालयांचे मूल्यमापन सिझेरियनच्या एकूण प्रमाणावरून करणे थांबवण्याच्या सूचना दिल्या होत्या. तुमच्या डॉक्टरांचा सवाल उर्मट वाटला असेल, पण तो निराधार नाही. आकडा खाली आणण्याचे ओझे डोक्यावर असलेला डॉक्टर पहाटे तीन वाजता बाळाचे ठोके उतरताना ‘आणखी अर्धा तास पाहू’ म्हणेल, आणि हा अर्धा तास कोणत्याही अनुदानापेक्षा महाग पडेल.

एकूण प्रमाणाऐवजी काय पाहायचे, याचे उत्तर उपलब्ध आहे. मायकेल रॉबसन या प्रसूतितज्ज्ञांनी २००१ साली मांडलेले दहा गटांचे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून सर्वत्र वापरण्याची शिफारस केली आहे. त्यासाठी महागडी संगणक प्रणाली लागत नाही. पहिलटकरीण की आधी बाळंतपण झालेली, आधी सिझेरियन झाले आहे का, बाळ एक की जुळी, डोके खाली की पायाळू की आडवे, ३७ आठवडे पूर्ण झाले आहेत का, आणि कळा आपोआप सुरू झाल्या, औषधाने आणल्या की कळांआधीच शस्त्रक्रिया झाली, एवढ्या गोष्टी प्रसूतीच्या नोंदवहीत लिहिलेल्या असल्या की प्रत्येक स्त्री दहांपैकी कोणत्या तरी एकाच गटात बसते. गेल्या वर्षाची वही घेऊन एखाद्या परिचारिकेला आणि हिशेबनिसाला आठवडाभर बसवले, तर तुमच्या गावाचे चित्र स्पष्ट होईल. आडव्या बाळांच्या गटात सिझेरियनचे प्रमाण शंभर टक्के आले नाही, तर नोंदी चुकीच्या आहेत असे समजून आधी त्या दुरुस्त करा. रॉबसन पद्धतीतली ही एक सोपी पारख आहे.

या दहांपैकी तुम्ही तीन गटांवरच लक्ष केंद्रित करावे. पहिलटकरीण, डोके खाली, दिवस पूर्ण आणि कळा आपोआप सुरू झालेल्या, हा पहिला गट. तेथे प्रमाण १० टक्क्यांच्या आत ठेवता येते, असे रॉबसन यांचे मार्गदर्शन आहे. तशीच पहिलटकरीण, पण कळा औषधाने आणलेल्या किंवा कळांआधीच शस्त्रक्रिया झालेली, हा दुसरा गट. त्यात २० ते ३५ टक्के ही अपेक्षित मर्यादा आहे. आधी सिझेरियन झालेल्या आणि आता डोके खाली, दिवस पूर्ण असलेल्या बायका हा पाचवा गट. त्यात ५० ते ६० टक्के. आपल्याकडील बहुतेक खासगी रुग्णालयांत एकूण आकडा फुगतो तो याच तीन गटांमुळे. पायाळू आणि जुळ्यांचे गट लहान असतात, त्यांवर वाद घालून फारसे काही हाती लागत नाही.

दुसऱ्या गटाकडे मी सर्वांत आधी पाहीन, कारण तेथे कळा सुरू होण्याआधीच, सोनोग्राफीच्या अहवालावर निर्णय झालेले असतात. ‘पाणी कमी आहे’, ‘नाळेचा वेढा आहे’ आणि ‘बाळ मोठे आहे’ या तीन वाक्यांनी महाराष्ट्रात किती पहिली सिझेरियन होत असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, पण प्रत्येक घरात एखादी तरी कथा ऐकू येते. पोटातील पाण्याच्या चार कप्प्यांची बेरीज करण्याऐवजी सर्वांत खोल कप्पा मोजला, तर ‘पाणी कमी’चे निदान आणि त्यापायी आणलेल्या कळा दोन्ही कमी होतात, आणि बाळांच्या प्रकृतीत त्यामुळे फरक पडत नाही, हे अभ्यासांनी दाखवले आहे. मानेभोवती नाळेचा वेढा सुमारे चौथाई बाळांत जन्मताना आढळतो. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया करण्याचे कारण नाही. सोनोग्राफीतला वजनाचा अंदाज १० ते १५ टक्क्यांनी चुकू शकतो, म्हणजे साडेतीन किलो सांगितलेले बाळ प्रत्यक्षात तीन किलोचे निघू शकते. तुमच्याकडे सोनोग्राफी करणाऱ्यांशी आणि तीनही डॉक्टरांशी एकत्र बसून कोणत्या मोजमापावर काय करायचे हे एका पानावर लिहून घेतले, तर तेवढ्यानेच काही सिझेरियन टळतील.

कळा आणण्याचे योग्य कारण असेल तर त्या आणाव्यात. त्याने सिझेरियन वाढतेच, हा समज खरा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत कमी जोखमीच्या पहिलटकरणींना ३९ व्या आठवड्यात कळा आणल्या, तेव्हा त्यांच्यात सिझेरियन १८.६ टक्के झाली आणि वाट पाहिलेल्यांत २२.२ टक्के. पण तेथे धीर धरला होता. पाणी फोडल्यानंतर कळांचे सलाईन किमान १२ ते १८ तास चालल्याशिवाय ‘कळा आणण्याचा प्रयत्न फसला’ असे म्हणू नये, असे अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. सकाळी आठला सलाईन लावून संध्याकाळी सहाला ‘पिशवीचे तोंड उघडत नाही’ म्हणून शस्त्रक्रिया होत असेल, तर तो प्रयत्न पुरेसा झालेलाच नाही.

पहिल्या गटातही धीराचाच प्रश्न आहे. पिशवीचे तोंड ताशी एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना नियम अनेक निरोगी बायकांना लागू पडत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये नमूद केले आणि जोराच्या कळांचा टप्पा चारऐवजी पाच सेंटिमीटरपासून मोजण्यास सांगितले. २०२० मध्ये त्यावर आधारित नवा प्रसूती तक्ता आला. केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाच्या ‘मान्यता’ या गुणवत्ता उपक्रमातही प्रसूतिकक्षाच्या शिस्तीवर भर आहे. बाळाच्या ठोक्यांचे यंत्र कमी जोखमीच्या प्रत्येक बाईच्या पोटाला सतत बांधून ठेवू नये. त्याने सिझेरियन वाढतात, नवजात बाळांना येणारे झटके कमी होतात हे खरे, पण मृत्यू किंवा मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) कमी झाल्याचे दिसत नाही. ठरावीक अंतराने हाताने ठोके ऐकणारी प्रशिक्षित परिचारिका हा चांगला पर्याय आहे, फक्त तिच्याकडे एका वेळी पाच बायका नसाव्यात. आणि कळा घेताना प्रसूतिकक्षात आई, मोठी बहीण किंवा जाऊ यांपैकी कोणी तरी सतत जवळ असू द्या. केंद्र सरकारने २०१६ मध्येच याला मान्यता दिली आहे, सोबत असल्याने सिझेरियन कमी होतात याचा पुरावा भक्कम आहे, आणि खर्च एका खुर्चीचा आहे. माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुलीची आई बाहेरच्या बाकावर बसून असते आणि आत मुलगी एकटी ओरडत असते, हे दृश्य धर्मादाय प्रसूतिगृहात तरी दिसू नये.

आता ज्या गोष्टीसाठी हे उत्तर इतके लांबवले तिच्याकडे येतो. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओझरते लिहिले आहे : भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतात. तालुक्याच्या गावी असा भूलतज्ज्ञ बहुधा चार-पाच रुग्णालयांत फिरत असतो, आणि रात्री तो जिल्ह्याच्या ठिकाणी घरी जातो. संध्याकाळी सात वाजता पहिलटकरीण सहा सेंटिमीटरवर आहे, बाळ ठीक आहे, पण प्रगती मंद आहे. भूलतज्ज्ञ फोनवर विचारतो, ‘मी निघू का, की थांबू?’ या प्रश्नाला त्या क्षणी ‘थांबा, आपण आताच करून टाकू’ असे उत्तर देणारा डॉक्टर पैशाचा लोभी असेलच असे नाही. मध्यरात्री गरज पडली तर दीड तास कोणी मिळणार नाही, हे त्याला माहीत असते. अशा रीतीने झालेल्या शस्त्रक्रियेच्या कागदावर ‘प्रगती नाही’ असे लिहिले जाते, आणि पुढे सर्व आकडेवारीत तेच कारण नोंदवले जाते.

म्हणून सिझेरियन कमी करायची असतील, तर आधी कोणत्याही वेळी तातडीने सिझेरियन करता येईल अशी व्यवस्था उभी करावी लागते. बाळाच्या जिवाला तत्काळ धोका असेल तर निर्णयापासून ३० मिनिटांत बाळ बाहेर यावे, असा ब्रिटनमधील मापदंड आहे. तुमच्या गावी तो रोज पाळणे अवघड असले, तरी रात्री गावातच मुक्कामी असणारा भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृहातील एक तयार परिचारिका आणि जवळच्या रक्त साठवणूक केंद्राशी लेखी व्यवस्था, इतके झाले तर तुमचे डॉक्टर वाट पाहण्याचे धाडस करू शकतील. त्याचा आणखी एक फायदा आहे. ‘मला सहन होत नाही, सिझर करा’ ही विनवणी अनेकदा वेदनेपोटी येते, आणि भूलतज्ज्ञ हजर असेल तर कण्यातून दिलेल्या औषधाने ती वेदना शमवता येते. त्यामुळे सिझेरियन वाढत नाहीत. अनुदानातील पैसा कोठे घालावा असे विचाराल, तर या एका पगारावर घालावा, असे मी सांगेन.

याच व्यवस्थेवर पाचवा गट अवलंबून आहे. एका सिझेरियननंतर योग्य निवड केलेल्या बायकांपैकी ७२ ते ७५ टक्के बायका नैसर्गिकरीत्या प्रसूत होऊ शकतात, पण सुमारे २०० मध्ये एकीच्या गर्भपिशवीचा जुना टाका फाटू शकतो, आणि तसे झाले तर मिनिटांचा हिशेब असतो. रात्रीचा भूलतज्ज्ञ आणि रक्त नसेल, तर या गटात कळांची वाट पाहण्याचा कार्यक्रम सुरू करू नका, आणि अनुदानदात्यांनी आग्रह धरला तरी करू नका. व्यवस्था झाल्यावर सहाव्या-सातव्या महिन्यातच या बायकांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बसून बोला, मागच्या शस्त्रक्रियेचा कागद मागवा, आणि तिचा निर्णय लिहून ठेवा. वारंवार सिझेरियनची किंमत त्यांना सांगितली पाहिजे. वार (प्लॅसेंटा) खाली, गर्भपिशवीच्या तोंडावर बसली असेल, तर ती गर्भपिशवीत रुतण्याचा धोका पहिल्या सिझेरियनच्या वेळी सुमारे ३ टक्के असतो, दुसऱ्या वेळी ११ आणि तिसऱ्या वेळी ४० टक्के. हे रक्तस्रावाचे आणि कधी गर्भपिशवीच काढावी लागण्याचे प्रकरण असते. म्हणूनच पहिलटकरणीच्या शस्त्रक्रियेबाबतचा निर्णय इतका जपून घ्यायचा.

यावरून वर्षभराच्या मुदतीचा प्रश्नही सुटतो. आज पाचव्या गटात आलेल्या बायका तीन-चार वर्षांपूर्वीच्या निर्णयांचा परिणाम आहेत. तो आकडा आज आदेश देऊन बदलत नाही. कॅनडातील क्युबेक प्रांतात ३२ रुग्णालयांत प्रत्येक सिझेरियनचा आढावा आणि डॉक्टरांचे प्रशिक्षण असा प्रयोग झाला, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत एकूण प्रमाणातील घट दोन टक्क्यांच्याही आत होती. लॅटिन अमेरिकेत दुसऱ्या डॉक्टरचे मत सक्तीचे केल्यावरही घट अशीच माफक होती. वर्षभरात ४५ वरून २५ वर येणारे रुग्णालय एक तर जोखमीच्या बायका पुढे पाठवते आहे किंवा काही तरी लपवते आहे.

शुल्काचा आणि फलकाचा प्रश्न राहतो. एकच शुल्क ठेवण्याची कल्पना मला आवडते, पण तिच्यामुळे प्रमाण घटतेच असा ठोस पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हा उपाय अभ्यासाच्या चौकटीतच करावा असे म्हणते. शिवाय रुग्णाचे बिल सारखे केले आणि डॉक्टरचे मानधन मात्र शस्त्रक्रियेमागे जास्तच राहिले, तर काहीच बदलत नाही. बारा तास कळांजवळ बसणाऱ्या डॉक्टरला पाऊण तासाच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी मिळता कामा नये. शक्य असेल तर तिघांनाही पाळीप्रमाणे ठरावीक मानधन द्या. पाळी संपल्यावर दुसऱ्याने सूत्रे हाती घेतली, तर घरी जाण्याच्या घाईतून होणारे निर्णयही कमी होतात.

डॉक्टरनिहाय फलक लावू नका. तिघांपैकी जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे जोखमीच्या बायका जातात, त्याचाच आकडा वाईट दिसेल, आणि दुसऱ्या महिन्यापासून तशा बायका नाकारल्या जातील. त्याऐवजी रुग्णालयाचे गटनिहाय प्रमाण जाहीर करा आणि त्याच्या शेजारी तेवढ्याच ठळकपणे मृत जन्म, जन्मतः गुदमरलेली बाळे, पुढे पाठवलेल्या माता आणि रक्त द्यावे लागलेल्या माता यांच्या संख्या लिहा. डॉक्टरांनी दर आठवड्याला पहिल्या दोन गटांतील सिझेरियनचे कागद एकमेकांसमोर वाचावेत. त्या बैठकीत विश्वस्त नसावेत. दिवसा ठरवलेल्या, तातडीच्या नसलेल्या सिझेरियनआधी दुसऱ्या डॉक्टरला फोन करून मत घेण्याची पद्धत आजपासून लावता येईल.

अनुदान देणाऱ्या संस्थेला उत्तर पाठवताना त्यांच्या २५ टक्क्यांच्या अटीऐवजी असे सुचवा : पहिल्या सहा महिन्यांत सर्व बाळंतपणांची दहा गटांत नोंद आणि रात्रीचा भूलतज्ज्ञ, पुढच्या दोन वर्षांत पहिल्या आणि दुसऱ्या गटातील घट, बाळांचे आणि मातांचे परिणाम न बिघडता. समंजस संस्था हे मान्य करील. न केल्यास त्या अनुदानाशिवाय चालवण्याचा विचार करावा लागेल, कारण दुसरी वाट अधिक धोक्याची आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण विश्वस्त मंडळात ती मांडावीच लागेल. मुहूर्त पाहून, ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी सिझेरियन करण्याच्या विनंत्या बहुतेक ठिकाणी ओळखीच्या लोकांकडून येतात, आणि न्यासाच्या रुग्णालयात ओळख म्हणजे पुष्कळदा विश्वस्तच असतात. अशा लवकर जन्मलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो, आणि ती शस्त्रक्रिया पुन्हा दुसऱ्या गटात आणि काही वर्षांनी पाचव्या गटात मोजली जाते. वैद्यकीय कारणाशिवाय ३९ आठवड्यांआधी कोणाचीही तारीख दिली जाणार नाही, असा ठराव डॉक्टरांनी मागण्याआधी मंडळानेच करावा, आणि त्याची प्रत प्रसूतिकक्षाच्या दारावर लावावी. शिफारशीची चिठ्ठी आली की डॉक्टरला त्या कागदाकडे बोट दाखवता येईल.